केव्हा आले, केव्हा जाता?

माझ्या सासुरवाडीच्या नावातच एक प्रश्न आहे. बोदलकसा. लग्न ठरलं तेव्हा पुण्यातले मित्र आळीपाळीनं विचारायचे, "काय रे, बोदल कसा आहे?" मीही आळीपाळीनं हसायचो. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, दुसऱ्या अंगाला शंभरी ओलांडलेला तलाव, असं भूगोलाच्या मास्तरासारखं सांगितलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठं?" म्हणजे असं, की महाराष्ट्र एक्सप्रेस नावाची एक गाडी आहे. ती कोल्हापूरहून निघते, पुण्याला येते, मग मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर करत करत गोंदियाला जाते, आणि एवढं सगळं करूनही महाराष्ट्राबाहेर पडत नाही. तिच्यात पुण्याला बसायचं, एक रात्र झोपायचं, मग एक अख्खा दिवस नुसतं बसायचं आणि गोंदियाच्या अलीकडे तिरोड्याला उतरायचं. उतरताना आपण बापच आहोत ना, याची एकदा मनाशी खात्री करून घ्यायची. पुढं ते कुणी विचारणार नसतं.

लेक आषाढात झाली. मी पोचलो तेव्हा ती तीन दिवसांची होती आणि घरात तिच्याशिवाय तिची आई आणि आजेसासूबाई एवढीच माणसं होती. आजेसासूबाईंना सगळं घर 'बुढी' म्हणतं, त्या स्वतःही स्वतःला बुढीच म्हणतात. बाकी सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. आषाढ म्हणजे रोवणी, रोपांची लावणी. पऱ्हे हाताशी आलेले, चिखल तयार, आभाळ कधी दगा देईल सांगता येत नाही. त्या दिवसांत या मुलखात लग्न होत नाही, भांडण होत नाही आणि पाहुणाही होत नाही. सासरे संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले, दारातूनच नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"केव्हा आले जवाईबापू?"

"आत्ताच."

"केव्हा जाता?"

यात अगत्य नाही असं समजू नये. इकडच्या झाडीपट्टीत हे दोन प्रश्न एका दमात विचारतात, मध्ये पाणी देतात. पुढच्या वर्षभरात हे दोन प्रश्न मला किती वेळा विचारले गेले याचा हिशेब ठेवला असता, तर तो लेकीच्या वजनाच्या तक्त्यापेक्षा लांब झाला असता.

त्या सामसुमीत एकच पाहुणी नेमानं यायची. आशाताई, गावची आरोग्य कार्यकर्ती. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. दवाखान्यात जन्मलेल्या लेकराकडे आशानं या ६ दिवशी जायचंच असतं, आणि आमची आशाताई वाऱ्यानं छत्री उलटी झाली तरी आली. आल्या आल्या साबणानं हात धुवायची, मग लेकराला झोळीत घालून काट्याला टांगायची. बाजारात शिंगाडे तोलावेत तशी आपली मुलगी तोलली जाताना बघणं बापाला जरा जड जातं. काटा २ किलो ८०० वर थांबला. मग तिनं घड्याळ काढलं आणि मिनिटभर ती लेकराच्या पोटाकडे एकटक बघत बसली. मला वाटलं, ध्यान लावतेय. मीही डोळे मिटले. ती श्वास मोजत होती. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर काळजीचं.

ही घरी येऊन तान्ह्याला तपासायची रीत आमच्या शेजारच्याच गडचिरोलीची. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथं गावातल्याच बायांना शिकवून तयार केलं, तान्ह्या लेकरांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशा हेच काम करू लागल्या. हे सगळं मी रात्री मोबाइलवर वाचलं आणि सकाळी सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक हाय. पन तुमी हात धुतले का?"

आशाताईचा खरा पराक्रम मी चौदाव्या दिवशी पाहिला. शेजारची मोठीमाय मधाचं बोट घेऊन आली होती. बुढीनं सहाण काढून ठेवलेली, वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग असा गुटीचा सगळा दरबार ताटात मांडलेला. आशाताई म्हणाली, सहा महिने आईचं दूध. दुसरं काही नाही. मध नाही, गुटी नाही, पाण्याचा थेंबही नाही. मोठीमाय उसळली, "आमाले गुटी देली, तं आमी मेलो का?"

आशाताई काटा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाली, "जे मेले ते सांगाले येत नाय ना, मोठीमाय."

बुढीनं सहाण उचलून आत ठेवली. त्या बोटावरच्या मधाचं काय करायचं हा प्रश्न उरला, तो मी सोडवला.

मग रोवणी संपली आणि पाहुणे सुरू झाले. पावसाळ्यात तलाव भरत आला की सांडव्यावरून पाणी कसं पडू लागतं, आधी बोटभर, मग एकदम धबाबा, अगदी तसं. ऑटोतून आले, मोटारसायकलवरून तिघे तिघे आले, एकदा तर आख्खा ट्रॅक्टर आला. बायकोच्या आईकडचे, वडिलांकडचे, काकूच्या माहेरचे, आणि एक गृहस्थ असे, की ते नक्की कुणाचे कोण हे ते जाईपर्यंत उलगडलं नाही. ते दोन वेळ जेवून गेले. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा. एकही दात नसलेल्या, आशाताईनं पाणीसुद्धा बंद केलेल्या जिवासाठी बिस्किटाचा पुडा. त्या वर्षी मी साधारण चाळीस पुडे खाल्ले. बापानं लेकरासाठी काय काय करायचं असतं, ते पुस्तकात लिहिलेलं नसतं.

पुड्यामागून यायचं झबलं. ही झबली वाढत्या अंगाची असायची. वाढत्या म्हणजे किती, तर त्यातली दोन मुलगी पहिलीत जाईल तेव्हा बसतील. त्यामागून चांगल्या घरचे तिखूर आणायचे, लाखोरीची डाळ आणायचे, कुणी नव्या तांदळाची पायली. बदल्यात सासूबाई मटण शिजवायच्या. लेकरू तीन-साडेतीन किलोचं, आणि त्याच्या नावानं पोळ्याच्या आत बारा किलो मटण झालं. तलावातली मासोळी वेगळी.

पाहुणा जेवला की खटला उभा राहायचा. लेकरू कोनावर गेला? बोदलकशाच्या तलावाचं पाणी धानासाठी वाटून घेतात, तसं आमच्या मुलीचं तोंड वाटून घेतलं गेलं. नाक बुढीचं, यावर फारसा वाद नव्हता. कपाळ मामाचं. कान काकूच्या माहेरचे, कसे ते देव जाणे, पण त्या गटाचा आवाज मोठा होता. हनुवटीवर दोन घराण्यांचा दावा होता, तो मिटला नाही. डोळे कुणा एका वारलेल्या आज्याचे निघाले आणि ते ऐकून तीन बायका पदर तोंडाला लावून रडल्या. मी कोपऱ्यात बसून माझ्या वाट्याला काय येतंय याची वाट पाहत होतो. शेपटाकडच्या बांधीला पाणी पोचत नाही, हे शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

इतक्यात एका काकांनी लेकराच्या तळहातावर एकावन्न रुपये ठेवले. तान्ह्या लेकराच्या तळव्याला काही लागलं की त्याची मूठ आपोआप मिटते, हा निसर्गाचा नियम आहे. मिटली. काकांनी गमतीनं नोट ओढून पाहिली, सुटेना. काका मोठ्यानं म्हणाले, "हे मातर बापावर गेली!"

सगळ्या घरानं एकमतानं मान्य केलं. तेवढी मूठ माझी.

ते एकावन्न रुपये सासूबाईंच्या वहीत गेले. ही वही मी चोरून पाहिली आहे. कोणी, किती, कशानिमित्त, आणि आपण त्यांच्याकडे शेवटचे किती दिले होते, असे चार रकाने. एका ओळीपुढं लिहिलं होतं, '११ देले. आपन २१ देले होते.' पुढं काही नाही. पण पेन्सिलीनं एवढं दाबून लिहिलं होतं, की मागच्या पानावर उमटलं.

सगळ्यात जास्त मला लागलं ते मुलीच्या रूपाचं समीक्षण. येणारी प्रत्येक बाई ओणवी होऊन बघायची आणि म्हणायची, "कारी हाय." किंवा, "लय रोड दिसते वो." किंवा नुसतंच, "हं." पुण्यात कुणी असं म्हणालं असतं तर मी सोसायटीची बैठक बोलावली असती. चौथ्या दिवशी न राहवून बायकोला विचारलं. ती म्हणाली, चांगलं म्हटलं की नजर लागते, म्हणून वाईट बोलायचं. जितकी माया जास्त तितकं वाईट. हे कळल्यावर मी बारकाईनं ऐकू लागलो. एक मावशी सरळ म्हणाल्या, "गोड हाय पोरगी." खोलीत शांतता पसरली. त्या गेल्यावर बुढीनं मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, तेही दोनदा.

नावाची कथा याहून करुण आहे. आम्ही नवरा-बायकोनं तीन पुस्तकं आणि दोन भांडणं खर्चून एक नाव काढलं होतं. अर्थ मोठा, उच्चार नाजूक. त्यात एक ण होता आणि एक ळ. आता झाडीबोलीत ही दोन्ही अक्षरं चालत नाहीत. ण चा न होतो, ळ चा र होतो. पाण्याचं पानी, डोळ्याचा डोरा, दिवाळीची दिवारी. हे मला ठाऊक होतं, पण लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याचा फटका कधी बसला नव्हता. बारशाला माझी बहीण पुण्याहून आली, तिनं लेकराच्या कानात ण आणि ळ अगदी शाळेतल्यासारखे स्पष्ट म्हटले. मग नाव बाहेर आलं, ओसरीवरून अंगणात गेलं, अंगणातून मांडवात गेलं, आणि परत आलं तेव्हा ते दुसऱ्याच मुलीचं नाव झालेलं होतं. नाव इथं देत नाही, कारण आता ते फक्त जन्मदाखल्यावर आहे. बुढी म्हणाली, "सिधी चिमनी म्हना ना." चिमणीतही एक ण होता, पण तो त्यांनी आधीच काढून टाकला होता.

ठरलं असं होतं, की सव्वा महिना झाला की मायलेकींना पुण्याला न्यायचं. सव्वा महिना झाला. मी तिकिटं काढून आलो. सासूबाई म्हणाल्या, "आता चार दिवसावर पोरा आला. तान्हा पोरा करून जा." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान पोरांचा पोळा असतो, लाकडी बैल सजवून घरोघर मिरवायचे आणि घरच्यांनी पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे पैसे, ठेवायचा. मेहुण्यानं तिरोड्याहून चाकांचा लाकडी नंदी आणला, तो मुलीपेक्षा उंच आणि तिच्या दुप्पट वजनाचा. नवं झबलं घातलेली मुलगी सासूबाईंच्या कडेवर झोपलेली, नंदीची दोरी माझ्या हातात, आणि बोजारा मात्र तिच्या मुठीत. मूठ मिटतच होती. बारा घरं फिरल्यावर मेहुणा म्हणाला, "यंदा चिमनीचे दोन बैल निंघाले."

मग "दिवारीपर्यंत राहू द्या." दिवाळी झाली की मंडई. भाऊबीजेपासून इकडं गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, रात्री दंडारीचा खेळ, आणि ज्या गावची मंडई त्या गावात सगळ्या नातेवाइकांनी जायचंच. म्हणजे जे पाहुणे श्रावणात लेकरू बघून गेले होते, ते सगळे पुन्हा आले. आणि त्यांनी लेकरू पुन्हा पहिल्यापासून बघितलं. हनुवटीचा दावा दाखल होताच. पोरगी दंडारीच्या ढोलकीत रात्रभर गाढ झोपली आणि पहाटे सगळं शांत झालं तेव्हा दचकून उठली. ही सवय अजून आहे. पुण्यात गणपतीच्या दिवसांत ती फार छान झोपते.

बायकोचं काम लॅपटॉपवरचं. तलावाच्या पाळीवर एका सागाखाली रेंज मिळते, तिथं खुर्ची टाकून तिनं ऑफिस थाटलं होतं. तिला जायची घाई आहे असं मला कधी दिसलं नाही. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "इथं मी रात्री झोपते. तिथं कोण झोपू देईल, तू?" यावर मी तलावाकडं बघायला लागलो.

तलावावर तेव्हा पाहुणे उतरले होते. हिवाळ्यात बोदलकशाला बदकं येतात, लालसरी, तलवार बदक, कुठून कुठून हिमालय ओलांडून. नागपूरकडची माणसं दुर्बिणी घेऊन पहाटे पाळीवर बसतात आणि तासन्‌तास एक अक्षर बोलत नाहीत. पाहुण्याकडे असं लांबून, गप्प राहून, त्याचं नाक कुणावर गेलं हे न ठरवता बघता येतं, ही कल्पनाच आमच्या घरात कुणाला पटली नसती. मी मामेसासऱ्यांना विचारलं, ही बदकं येतात कधी, जातात कधी? ते तंबाखू मळत म्हणाले, "दिवारीले येतेत. होरीले जातेत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचंबी तसंच हाय ना. पन तुमी मधातबी जाता."

हे लागलं. पण त्याहून जास्त सारसाचं लागलं. महाराष्ट्रात सारस पक्षी पाहायचा तर मुख्यतः गोंदियाच्या धानशेतीत यावं लागतं, इथल्या माणसांना त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. एकदा जेवताना मी अभ्यासू चेहऱ्यानं सारसाचा विषय काढला. सासूबाई भात वाढत म्हणाल्या, "नर-मादी पारीपारीनं अंडे उबवतेत. महिनाभर." आणि वरण वाढायला आत गेल्या. मी त्या रात्री पहिल्यांदा लेकीला मांडीवर घेऊन एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत बसलो. ती सगळा वेळ जागी होती. चार वाजता बुढी उठली, लेकराला उचलून लुगड्याच्या झोक्यात टाकलं, एक हिसका दिला, आणि पोरगी झोपली. तीन तास मी जे केलं त्याला उबवणं म्हणतात की नाही, माहीत नाही.

संक्रांतीनंतर लूट झाली. पुण्याकडे त्याला बोरन्हाण म्हणतात. डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे आणि काळाच्या ओघात गोळ्या-चॉकलेटं ओततात आणि बाकीची पोरं ती लुटतात. ज्याच्या डोक्यावर पडतात त्याला काही मिळत नाही, मारच मिळतो. मुलगी रडली. मग "थंडी कमी होऊ द्या." थंडी कमी झाली तेव्हा "चैत पुनवेची जत्रा करून जा."

ही जत्रा जवळच्याच सुकडी डाकरामची. महानुभावांचं स्थान आहे. चक्रधरस्वामींनी तिथं वाघाची पिल्लं खेळवली, असं सांगतात. मुलीला कडेवर घेऊन गर्दीत उभा असताना माझ्या मनात उगीच आलं, की ती वाघीण किती नशिबाची. एक पाहुणा आला, पिल्लं खेळवली, गेला. पिल्लं रोड आहेत म्हणाला नाही.

नऊ महिन्यांची झाली तेव्हा गोवराची सुई झाली आणि "आता उन्हात कुठं नेता" सुरू झालं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उन्हाळ्यात इकडं दुपारी पाखरूही उडत नाही. त्याच दिवसांत घरात पैज लागली. पहिला शब्द कोणता? मामा दिवसरात्र तिच्यासमोर 'मामा, मामा' घोकत होता. सासूबाई 'आजी'वर ठाम होत्या. बुढीचा दावा होता की ती कधीचीच बोलते, आपल्यालाच ऐकू येत नाही. मी दर फोनवर 'बाबा' म्हणत होतो, पण पलीकडून फक्त श्वासाचा आवाज यायचा आणि मग ती फोन चाटायची. मी आलो की पहिले दोन तास माझ्याकडे बघून ओठ काढायची, तिसऱ्या तासाला जवळ यायची, दुसऱ्या दिवशी अंगाखांद्यावर खेळायची, आणि मग माझी गाडीची वेळ व्हायची. फाटकाशी सासूबाई तिचा हात धरून हलवायच्या. "टाटा कर. पाहुन्याले टाटा कर."

पाहुण्याला. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

वर्ष झालं ते पुन्हा रोवणीत. पहिला वाढदिवस, म्हणून मी केक घेऊन तिरोड्याहून आलो. रस्त्यात पाऊस, खड्डे, केकवरचं साखरेचं फूल खोक्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसलेलं. घराला कडी. शेजारच्या पोरानं सांगितलं, सगळे बांधीत हायत. केक तसाच हातात घेऊन धुऱ्यावरून तोल सांभाळत गेलो. ओळीनं वाकलेल्या बाया, पाण्यात पाय, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या. कमरेतून कुणी वर उठलं नाही. वाकल्यावाकल्याच आवाज आला, "केव्हा आले जवाईबापू?" आणि चार पावलं पुढून दुसरा, "केव्हा जाता?"

धुऱ्यावर बुढी छत्री धरून बसली होती. तिच्या मांडीला टेकून चिमनी बसलेली, गुडघ्यांना चिखल, गालांना चिखल, मुठीत चिखल. त्या चेहऱ्यावर कुणाचं नाक, कुणाचं कपाळ, कुणालाच सांगता आलं नसतं. तिनं मला बघितलं. माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघितलं. या खेपेला ओठ काढले नाहीत. चिखलानं भरलेली मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "टाटा."

मी अजून पायातले बूटही काढले नव्हते.